आंतरराष्ट्रीय हेल्थ इन्फॉर्मेटिक्स संघटनांची मेंबरशिप: खरंच काही उपयोग आहे का नुसतं फ्रेम करून लावायचं सर्टिफिकेट?

रेकॉर्डवाली_सांगली:

नमस्कार मंडळी. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एमआरडीला आहे, म्हणजे पेशंटच्या फायली, डिस्चार्ज, कोडिंग, विम्याचे कागद हे सगळं. गेल्या दिवाळीत नवीन सॉफ्टवेअर आलं आणि "तुम्हाला कॉम्प्युटरचं जमतं" म्हणून ते पण माझ्या गळ्यात पडलं. आता आमचे डायरेक्टर साहेब कुठल्यातरी कॉन्फरन्सला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले की आपण इंटरनॅशनल असोसिएशनचं मेंबर व्हायचं, कुठली घ्यायची त्याची नोट काढा, सोमवारपर्यंत. मी शोधायला बसले तर आयएमआयए, एचएल७, हिम्स, एएमआयए, स्नोमेड, आयएफएचआयएमए, डोकं गरगरायला लागलं. प्रत्येकाच्या साइटवर तेच ते हसणारे डॉक्टर आणि हातात टॅब.

माझा खरा त्रास वेगळाच आहे, तो सांगते म्हणजे प्रश्न कळेल. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी निम्म्यांची जन्मतारीख १ जून. तुम्हाला माहितीच असेल, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. आणि जी बाई शाळेतच गेली नाही तिची आमच्या काउंटरच्या पोरानं टाकलेली, कारण सॉफ्टवेअर पूर्ण तारीख टाकल्याशिवाय पुढं जाऊच देत नाही. परवा एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन सुमन, दोघींची १ जून १९५५, आणि काउंटरवर कुणीतरी दोन्ही फायली एक करून टाकल्या. त्यातल्या एकीला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. वॉर्डातल्या सिस्टरला ती बाई तोंडओळखीची होती म्हणून इंजेक्शन द्यायच्या आधी लक्षात आलं, नाहीतर काय झालं असतं सांगायला नको. व्हेंडरला फोन केला तर म्हणतो मॅडम आमचं प्रॉडक्ट इंटरनॅशनल स्टँडर्डचं आहे, त्यात असंच असतं.

तर प्रश्न असा, की हे जे स्टॉकहोम न् सिडनीला जमतात त्या लोकांचा माझ्या १ जूनशी काही संबंध आहे का? असेल तर साहेबांना नोट लिहीन, नसेल तर ते पैसे स्कॅनरला मागीन, आमचा स्कॅनर महिनाभर बंद आहे.

पाइपवाला_पुणे:

ताई, व्हेंडर तुम्हाला सरळसरळ फसवतोय. आधी ते सांगतो, मग संघटनांचं.

मी लॅबची मशीनं आणि हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतं करायचं काम करतो, बारा वर्षं झाली. दोन सिस्टिममधून पेशंटची माहिती जाते ती एचएल७ च्या मेसेजमधून (हॉस्पिटलच्या सिस्टिमनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची, त्याचं हे स्टँडर्ड आणि ते बनवणारी संघटना), त्यात सगळीकडे उभ्या रेघा असतात, तिला आम्ही पाइप म्हणतो, म्हणून हा आयडी. तुमच्या सुमनबाई तारेवरून जाताना साधारण अशा दिसतात (खऱ्या मेसेजात रोमन अक्षरं असतात):

पीआयडी|१||४५७८||पाटील^सुमन^बाळासो||१९५५|एफ

बघा, जन्मतारखेच्या जागी नुसतं १९५५ आहे आणि हे चूक नाही, हे स्टँडर्डला चालतं. आत्ताचं जे फायर आहे (एचएल७ चंच नवीन पिढीचं) त्यात तर स्पष्ट लिहिलंय की तारीख नुसतं वर्ष असू शकते, किंवा वर्ष आणि महिना. म्हणजे "इंटरनॅशनल स्टँडर्डमध्ये पूर्ण तारीख लागतेच" हे धादांत खोटं आहे, ती सक्ती तुमच्या व्हेंडरच्या फॉर्मची आहे. आपल्याकडे आधार कार्डावर पण कित्येक म्हाताऱ्यांचं नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं, तिथं चालतं मग इथं का नाही.

आणि वरच्या ओळीत नाव आणि वर्षाच्या मध्ये एक रिकामी जागा दिसते ना, ती कशाची माहितीये? आईच्या माहेरच्या आडनावाची. अमेरिकेतल्या लोकांनी १९८७ मध्ये एचएल७ सुरू केलं, तिकडं ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारायची पद्धत, म्हणून त्यासाठी खास जागा, आणि नवऱ्याचं किंवा बापाचं नाव मधे लावायच्या आपल्या पद्धतीला जागा नाही, ते "दुसरं नाव" म्हणून कोंबायचं. जो मीटिंगला बसला होता त्याच्या घरातली पद्धत स्टँडर्डात गेली, दुसरं काही नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर खरं तर इथंच आहे.

आता संघटना. आयएमआयए, म्हणजे मेडिकल इन्फॉर्मेटिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना, या सगळ्यांची थोरली. १९६७ ला आयएफआयपी नावाच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची एक समिती म्हणून सुरू झाली, फ्रान्सचे फ्रान्स्वा ग्रेमी तिचे पहिले अध्यक्ष, १९७४ ला स्टॉकहोमला पहिली मेडइन्फो परिषद, १९७९ ला आयएमआयए हे नाव आणि १९८९ ला पूर्ण स्वतंत्र. पण साहेबांना हे सांगा की ती मुळात देशांच्या संघटनांची संघटना आहे. भारतातर्फे तिथं आयएएमआय बसते, इंडियन असोसिएशन फॉर मेडिकल इन्फॉर्मेटिक्स, १९९३ ची. तुम्ही तिच्या मेंबर झालात की त्या वाटेनं वर जोडल्या जाता. वेगळी "इंटरनॅशनल" फी भरायची गरज नाही.

एचएल७ चं वेगळं. मेंबर नसाल तरी स्टँडर्ड फुकट मिळतं, २०१३ पासून. त्याआधी पैसे मोजावे लागायचे आणि आमच्यासारखे लोक कुठनं तरी मिळवलेल्या झेरॉक्सवर कामं करायचे, कबूल करतो. मेंबरशिपचे पैसे जातात ते मतदानाच्या हक्काचे.

निवृत्त_अकोला:

पाइपवाले भाऊ, माहिती चांगली दिली पण तुम्ही कॉम्प्युटरच्या बाजूनं बोलून राहिले, मी कागदाच्या बाजूनं बोलतो. सरकारी दवाखान्यात रेकॉर्डला नोकरी केली, आता रिटायर.

ताई, आपल्या लोकांची संघटना आयएफएचआयएमए, तिचं नाव तुम्ही यादीत शेवटी टाकलं, ती पहिली पाहिजे होती. १९६८ ची आहे, आयएमआयएच्या आधीपासून रेकॉर्डवाल्यांचे आंतरराष्ट्रीय मेळावे भरतात, पहिला १९५२ ला लंडनला. डॉक्टर आणि इंजिनियर यायच्या आधी हे काम फायली सांभाळणाऱ्या बायांनी उभं केलं, अमेरिकेतली त्यांची संघटना १९२८ ची आहे, तेव्हा कॉम्प्युटर कुठं होता बाप्पा!

मला उपयोग कसा झाला ते सांगतो. मी लागलो तेव्हा आयसीडी (आजारांच्या कोडची जागतिक यादी) म्हणजे तीन जाड पुस्तकं, एकात कोड, एकात नियम, एकात शब्दांची सूची, आणि शिकवायला कुणी नाही. जो तो सूचीत शब्द बघून कोड टाकून मोकळा. आता फवारणीचं औषध अंगात भिनलेला माणूस आला तर टी६०.० हे सगळ्यांनाच जमते, कागदावर ऑर्गॅनोफॉस्फरस लिहिलेलं असते. पण त्याच्यासोबत बाहेरच्या कारणाचा दुसरा कोड लागते. फवारताना विषबाधा झाली तर एक्स४८, त्यानं स्वतः प्याला तर एक्स६८. आमच्याकडं हा दुसरा कोड कुणी टाकतच नव्हतं, टाकला तर अंदाजानं. आता विचार करा, २०१७ ला यवतमाळला फवारणी करताना शेतकरी गेले, तेव्हा सगळा वाद ह्याच्यावरच होता की किती लोक फवारणीनं आजारी पडले. रजिस्टरात ते दोन कोड नीट वेगळे असते तर निदान मोजणी तरी करता आली असती.

हे मला कुणी शिकवलं? रेकॉर्डवाल्यांची संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेचे लोक मिळून कोडर ट्रेनिंगचा अभ्यासक्रम कसा असावा ह्यावर काम करत होते, त्यातलं साहित्य एका ओळखीच्या सरांनी आणून दिलं. मी रोज रात्री जेवण झाल्यावर दोन पानं वाचायचो. फी भरली नाही, विमानात बसलो नाही.

पण परिषदांचं मला सांगू नका. फी आमच्या पगाराएवढी, जाणार कोण तर साहेब, येताना पेन आणि पिशवी घेऊन येणार. मेडइन्फो पन्नास वर्षांत भारतात एकदाही झाली नाही, टोकियो झालं, बीजिंग, सिंगापूर, सोल, हांगझोऊ झालं, २०२५ ला तैपेई झालं. आपल्या क्लार्कनं जायचं कसं?

लेस्टरची_सून:

काकांचं पटलं पण थोडं वेगळं मांडते. मी इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, वॉर्डात होते, आता डिजिटल टीममध्ये.

माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांची शुगर तपासली, ७.८. त्यांनी फोनवर कराडला धाकट्या जावेला सांगितलं "माझी शुगर सात आलीय गं". तिकडे एकच गोंधळ! जावेनं घाबरून सांगितलं लगेच साखर खा, आणि ह्यांनी माझ्या नकळत दोन चमचे खाल्ली पण. आता इथे शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये, अठरानं गुणायचं की ७.८ चे १४० होतात. हिमोग्लोबिनचं पण तसंच, इथे ११८ लिहितात, म्हणजे आपलं ११.८.

घरात हसून सोडून दिलं, पण कॉम्प्युटर असं हसत नाही ना. तो सात वाचून लाल दिवा लावेल नाहीतर गप्प बसेल. म्हणून अमेरिकेतल्या इंडियानामध्ये रेगनस्ट्रिफ नावाच्या संस्थेत १९९४ पासून लॉइंक नावाची यादी बनवतायत, त्यात मिलिग्रॅमवाली शुगर आणि मिलिमोलवाली शुगर ह्यांना कोडच वेगळे दिलेत, एकीला २३४५-७ आणि दुसरीला १४७४९-६. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं काय हा चिकटपणा, एकाच तपासणीला दोन आकडे कशाला. सासूबाईंच्या दोन चमच्यांनंतर कळलं कशाला.

नर्सिंगचं पण सांगते कारण ते कुणी सांगत नाही. आपण जे करतो, कूस बदलली, तोंड पुसलं, पेशंटला समजावलं, ह्याला आधी रेकॉर्डमध्ये शब्दच नव्हता, सगळं "काळजी घेतली" मध्ये जायचं. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय कौन्सिलनं त्यासाठी शब्दांची यादी केली, आयसीएनपी, आणि ती आता स्नोमेडवाल्यांकडून (वैद्यकीय शब्दांची आंतरराष्ट्रीय यादी सांभाळणारे) प्रसिद्ध होते. सिस्टरनं काय केलं ते आता मोजता येतं. मोजता आलं की माणसं मागता येतात, वॉर्डात दोन सिस्टर कमी आहेत हे पटवून देता येतं. हे परिषदेतच ठरलं, पाच-दहा वर्षं भांडून ठरलं.

ओपनसोर्स_ओंकार:

सगळ्यांचा मान ठेवून म्हणतो, संघटनांना जरा जास्तच क्रेडिट दिलं जातंय इथं. गरीब देशांत काम कुणी केलं? २००४ ला केनियात एल्डोरेटला एचआयव्हीच्या पेशंटसाठी ओपनएमआरएस हे पेशंट रेकॉर्डचं फुकट सॉफ्टवेअर सुरू झालं. छत्तीसगडला गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगमध्ये त्याच्यावरच बहमनी हे हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर उभं राहिलं. आणि डीएचआयएस, आरोग्याची आकडेवारी गोळा करायचं सॉफ्टवेअर, जे आज कितीतरी देशांच्या आरोग्य खात्यांत चालतं, ते वर्णभेद संपल्यावरच्या दक्षिण आफ्रिकेत सुरू झालं आणि ओस्लो विद्यापीठानं वाढवलं. यातलं काही कुठल्या असोसिएशनच्या गाला डिनरमध्ये जन्माला आलं नाही. कोड लिहिणारे लोक, मेलिंग लिस्ट, आणि लाइट गेली तरी चाललं पाहिजे ही अट. हिम्सची ती हॉस्पिटल किती कॉम्प्युटराइज्ड आहे ते मोजणारी शून्य ते सातची पायरी, सातव्या पायरीवरची हॉस्पिटलं जाहिरातीत लावतात ती, त्यातनं यातलं काही आलेलं नाही.

ताई, स्कॅनर घ्या.

पाइपवाला_पुणे:

ओंकार, स्कॅनरला अनुमोदन. पण ओपनएमआरएसमधला हिमोग्लोबिन आणि लॅबच्या मशीनमधला हिमोग्लोबिन एकच आहे हे एकमेकांना कळतं कसं? कुठल्यातरी समितीतल्या कंटाळवाण्या माणसांनी ठरवलेल्या कोडावरूनच ना. तुमचं फुकट सॉफ्टवेअर पण फायर बोलायला लागलंच की. फायर हे आधी ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये मांडलं, तेव्हा एचएल७ चं तिसरं व्हर्जन इतकं अवघड झालं होतं की आम्ही लोक त्याला हात लावायला तयार नव्हतो. त्यांनी सोपं काहीतरी लिहिलं आणि तेही कुणालाही फुकट वापरता येईल याच अटीवर पुढं नेलं. एकट्याचं ब्लॉगवरचं राहिलं असतं तर कुठल्या देशानं सरकारी योजनेत घेतलं असतं सांग. संघटनेचा शिक्का लागला म्हणून आज आपलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन फायरवर उभं आहे.

तुमच्या डिनरच्या टीकेशी मात्र सहमत. मी एकदा गेलोय अशा परिषदेला, भाषणं झोप आणणारी होती. पण तिथं एका खोलीत सोळा-सतरा लोक सकाळी नऊपासून "नाव म्हणजे काय" यावर भांडत होते. स्पेनवाल्यांना दोन आडनावं, आइसलँडवाल्याला आडनावच नाही, इंडोनेशियावाला म्हणतो माझ्या ओळखीत एकच नाव असणारे ढीगभर आहेत. मराठी माणूस त्यात मी एकटा आणि मला इंग्रजीत पटकन बोलायला सुचेना, तोपर्यंत चहा झाला. अजून चुटपुट लागते.

कारण बघा, आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव कसं आहे, आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चार भाग. फायरमध्ये हे बसतं, कारण आडनाव सोडून बाकीची नावं कितीही वेळा लिहायला मुभा आहे आणि शिवाय पूर्ण नाव जसंच्या तसं लिहायला वेगळी जागा आहे. पण सॉफ्टवेअरवाला तीन खोके काढून देतो, पहिलं, मधलं, शेवटचं. मग आई कुठं लिहायची? पुढच्या पाच वर्षांत प्रत्येक बालरोगाच्या ओपीडीत हा घोळ होणार, लिहून ठेवा.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्या अगदी जवळची. स्नोमेडचा भारत २०१४ पासून मेंबर आहे, म्हणजे देशाची फी सरकार भरतं आणि भारतात वापरायला आपल्याला फुकट. त्याचं काम बघणारं केंद्र पुण्यातच आहे, सी-डॅकमध्ये, एनआरसीईएस म्हणतात. आयुष्मानचे फायरचे नमुने पण त्यांनीच काढलेत. सांगलीहून एसटीनं जाता येईल एवढं ते इंटरनॅशनल जवळ आहे :)

रेकॉर्डवाली_सांगली:

मंडळी, खूप खूप आभार. सोमवारी नोट दिली, काय झालं ते सांगते कारण अर्धवट सोडलेले धागे मलाच आवडत नाहीत.

नोटमध्ये मेंबरशिपचं एकच लिहिलं, आयएएमआयची, आणि ती पण माझ्या नावावर नको, डिपार्टमेंटमधल्या नव्या मुलीच्या नावावर घ्या म्हणून. ती बीएस्सी आयटी आहे, इंग्रजीत भांडायला पण कमी नाही. साहेबांना "इंटरनॅशनल" शब्द पाहिजे होता म्हणून खाली आयएमआयएशी संलग्न असं ठळक केलं. काकांनी सांगितलेलं कोडिंगचं साहित्य शोधतेय. आमच्याकडं पण द्राक्षबागांच्या फवारणीचे पेशंट येतात आणि एक्स४८, एक्स६८ आम्ही पण टाकत नव्हतो. मागच्या वर्षीच्या टी६०.० च्या फायली काढल्यात, बाहेरच्या कारणाची जागा सगळ्यांत कोरी. आता एकेक डिस्चार्ज कार्ड वाचून भरायचं.

व्हेंडरला मेल केला. पाइपवाले दादांनी दिलेली ती एक ओळ तशीच चिकटवली आणि विचारलं की तुमच्या इंटरनॅशनल स्टँडर्डमध्ये नुसतं वर्ष चालतं मग तुमच्या फॉर्ममध्ये का नाही. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कुणा सिनियरचा फोन, आवाज एकदम मऊ, म्हणे मॅडम तो ऑप्शन आहे आमच्याकडे, तुमच्या इथं ऑन केलेला नव्हता.

ऑप्शन होता! आणि आम्ही वर्षभर सगळ्या तालुक्याला १ जूनला जन्माला घालत बसलो.

काल ऑन झाला. काउंटरच्या पोराला समजावून सांगितलं की तारीख माहीत नसेल तर नुसतं वर्ष टाक, तर तो म्हणतो मॅडम, वर्ष पण माहीत नसलं तर? पहिल्याच म्हातारीनं त्याला सांगितलं होतं, "कोयनेचा भूकंप झाला तवा माझं थोरलं पाळण्यात हुतं". १९६७ म्हणायचं, थोरलं पाळण्यात, म्हणजे हिचं वय तेव्हा किती धरायचं? पाइपवाले दादा, अंदाजे वर्ष लिहायची काही सोय आहे का तुमच्या त्या फायरमध्ये?

स्कॅनर अजून बंद आहे.